निरीक्षण गृहातल्या मुलांना 'तसं' काही विचारावं की विचारूच नये?

सायली_ग (बुधवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, आत्महत्येच्या विचारांचा, आधीच सांगून ठेवते. आज ज्यांना नको वाटेल त्यांनी खुशाल पाककृतींच्या धाग्यावर जावं.

आम्ही काही जण आठवड्यातून एकदा एका जिल्ह्याच्या निरीक्षण गृहात शिकवायला जातो. आपण सगळे अजूनही रिमांड होमच म्हणतो ते. गणित, चित्रकला, थोडं वाचन. गाव आणि संस्था सांगणार नाही. मुलं चौदा ते सतरा-अठराची. दुचाकी आणि मोबाइलच्या चोऱ्या, मारामाऱ्या, पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) बऱ्याच केसेस, खुनाच्या एखाद-दोन.

मध्यंतरी आमच्यातल्या एकाला एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर काही लिहिलेलं दिसलं. आता जगून काय करायचं, अशा अर्थाचं. त्याने ते अधीक्षकांना दाखवलं. मुलाला बोलावून समज देण्यात आली, वही जप्त झाली आणि आम्हाला बजावण्यात आलं, "या विषयावर पोरांशी चकार शब्द काढायचा नाही. एकाला विचाराल आणि दहांच्या डोक्यात भराल. इथे नाटकं करणारे कमी नाहीत."

माणूस दुष्ट नाही. मला तरी तो घाबरलेला वाटला. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे का? विचारल्याने खरंच डोक्यात भरतं? आणि विचारायचं नसेल तर आमच्यासारख्या बाहेरच्यांनी करायचं तरी काय? कुणाला आतला अनुभव असेल तर कृपया लिहा.

गोळीवाला_डॉक्टर (बुधवार, रात्री १०:१५)

मानसोपचारात वीस वर्षं गेली म्हणून आधी मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, भरत नाही.

ही भीती शिक्षक, पालक, पोलीस, एवढंच काय काही डॉक्टरांनाही वाटते, त्यामुळे अधीक्षकांना दोष देत नाही. पण हे तपासून झालेलं आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधल्या २,३४२ मुलामुलींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. नंतर दोन्ही गटांत अस्वस्थता किंवा तसे विचार यांत फरक सापडला नाही. आधीच नैराश्य असलेली किंवा पूर्वी प्रयत्न केलेली मुलं तर प्रश्न विचारल्यावर किंचित हलकी झालेली दिसली.

कसं विचारायचं हे मात्र महत्त्वाचं. चारचौघांत नाही. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" असंही नाही, कारण त्याचं उत्तर "नाही" हेच येतं, तुम्हालाही तेच ऐकायचं असतं आणि ते त्या पोराला कळतं. बाजूला बसून आधी झोप, जेवण, घरून कोण आलं वगैरे, मग शांतपणे: "कधी असं वाटतं का, की हे सगळं नकोच, मरून जावं?" हो म्हणाला तर दचकायचं नाही, उपदेश नाही, "आईचा विचार कर" तर मुळीच नाही. किती वेळा वाटतं, काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का, एवढं विचारायचं. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. सांगावं लागतंच. "मी हे एकटी ठेवणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू," हे खरं आहे आणि पोरांना पटतं.

तिरकस_तात्या (बुधवार, रात्री १०:३१)

डॉक्टर, न्यूयॉर्कच्या शाळेतली पोरं आणि आमच्याकडची रिमांडमधली पोरं यांत फरक आहे हो. तिथे विचारणारा माणूस संध्याकाळी घरी जातो आणि पोरगंही घरी जातं.

गोळीवाला_डॉक्टर (बुधवार, रात्री १०:४४)

तात्या, मान्य. म्हणूनच विचारून सोडून देता येत नाही. विचारायचं तर पुढे कोण काय करणार ते आधी ठरलेलं हवं. अधीक्षकांची खरी अडचण प्रश्नाची नसून उत्तराची असावी असा माझा अंदाज. पोरगं "हो" म्हणालं तर त्यांच्याकडे पुढची पायरीच नाही.

खमक्या_खंडू (बुधवार, रात्री ११:०२)

मी वाईटपणा घेतो. ज्यांची पोरं यांनी मारली त्यांच्या घरी कोण जातं समुपदेशन करायला? पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका अल्पवयीन पोराने दोन तरुण अभियंत्यांना गाडीखाली चिरडलं आणि शिक्षा काय, तर ३०० शब्दांचा निबंध. आता म्हणताय त्यांच्या मनाला जपा.

तिरकस_तात्या (बुधवार, रात्री ११:०५)

खंडूशेठ, या धाग्यावर आत्ताच निबंधापेक्षा जास्त शब्द झालेत. आपण सगळे जामिनास पात्र.

कोर्टकचेरी (गुरुवार, सकाळी ७:५०)

खंडू, तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. ती हास्यास्पद होती यावर माझं तुमच्याशी भांडण नाही. गदारोळानंतर त्या मुलाला निरीक्षण गृहात ठेवलं आणि २५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने त्याला तिथून सोडायला सांगितलं. पण त्या एका प्रकरणावरून रिमांड होम ओळखू नका. तिथल्या बहुतेक पोरांच्या बापाकडे महागडी गाडी सोडा, सुनावणीला यायला एसटीचं भाडं नसतं.

मी एका बाल न्याय मंडळापुढे विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम करतो. सायलीताईंच्या प्रश्नाशी संबंध असलेल्या दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे जामीन. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ नुसार गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला सोडणं हा नियम आणि ठेवून घेणं हा अपवाद. गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाच्या हेतूलाच बाधा येईल, एवढीच अपवादाची कारणं. त्याच कलमाचं उपकलम ४ फार कमी जणांना ठाऊक असतं: जामीन मिळूनही सात दिवसांत अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. व्यवहारात काय होतं? जामीन झालेला, पण जामीनदार नाही, आणि पोरगं आतच. त्याला कुणी समजावून सांगत नाही. त्याच्या लेखी "कोर्टाने सोडलं आणि घरच्यांनी सोडवलं नाही." तुमच्या वर्गात असं एखादं पोरगं असेल तर आधी त्याची फाइल बघायला लावा. माझ्या मते समुपदेशकाच्या पाच बैठकींपेक्षा एक बदललेली अट जास्त काम करते.

दुसरी गोष्ट पॉक्सोची. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, पंधरा-सोळाची मुलगी, दोघं पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सोच्या कलम ४ खाली किमान शिक्षा १० वर्षं, मुलगी सोळाच्या आत असेल तर २०. ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा तो बाल न्याय अधिनियमाच्या भाषेत घृणास्पद गुन्हा, म्हणजे सोळा वर्षं पूर्ण झालेल्या पोराचं कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे "तुझी केस मोठ्यांच्या कोर्टात जाऊ शकते" हे वाक्य. प्रत्येक पॉक्सो केस अशी नसते, काही भयानक असतात. पण जी अशी असते त्यातल्या पोराची मुलगी, घर, गाव आणि कॉलेज एकाच आठवड्यात जातं. जात वेगळी असेल तर बापही तोंड बघत नाही. मला सर्वांत जास्त धास्ती याच पोरांची वाटते. ती शांत असतात, त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत.

पोरकट (गुरुवार, सकाळी ८:२०)

कोर्टकचेरी +१. नाव बघून वाटलं होतं सासूसुनांच्या धाग्यावरचे असाल.

निवृत्त_परिविक्षा (गुरुवार, दुपारी १:१०)

परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून निवृत्त झालो. सायलीताई, तुमच्या अधीक्षकांची बाजू थोडी मांडू द्या.

मुलगा दाखल होतो तेव्हा त्याच्याबरोबर पोलिसांचे कागद असतात आणि मंडळाचा आदेश असतो. त्याच्या मनात काय आहे याचा कागद नसतो. सामाजिक तपासणी अहवाल करायचा आमच्यावर भार, मुदत दोन आठवडे, त्यासाठी त्याच्या घरी, शाळेत, शेजारी जायचं. एकाच अधिकाऱ्याकडे किती तालुके असतात ते विचारू नका. कित्येक गृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनांकडे आहेत, अनुदान उशिरा येतं, समुपदेशक मानधनावर, तेही टिकले तर. रात्री एक काळजीवाहक आणि अख्खी बराक.

आता समजा, त्या काळजीवाहकाने वहीत नोंद केली, "अमुक मुलगा मरण्याची भाषा करतो." पुढे काही घडलं, तर चौकशीत ती नोंद त्याच्याच गळ्यात येते. तुला माहीत होतं, मग काय केलंस? नोंद केली नसेल तर तो म्हणू शकतो, मला कल्पना नव्हती. पहिलं निलंबन नेहमी सर्वांत खालच्या माणसाचं होतं. म्हणून नोंदी होत नाहीत. "नाटक करतो" हा शब्द त्या भीतीतून येतो.

दवाखान्याचंही ऐका. मुलाला सिव्हिलला मानसोपचार ओपीडीत न्यायचं तर पोलीस सोबत लागतो. पत्र द्यायचं, बंदोबस्त मिळायची वाट बघायची. पोलीस येतो तोवर ओपीडी संपलेली. पुढची ओपीडी पुढच्या आठवड्यात. नियमाप्रमाणे मुलाला बेडी घालता येत नाही आणि सोबतच्या पोलिसाने साध्या वेशात असावं. पण बेडी नाही म्हणून पोलीस धास्तावलेला, तो मुलाचा हात असा धरतो की सगळा दवाखाना वळून बघतो. एकदा असा गेलेला मुलगा दुसऱ्यांदा "मला काही होत नाही" असंच सांगतो.

स्पॅनर१२ (गुरुवार, रात्री ११:५५)

मी आत होतो. सोळा चालू होतं. आता गॅरेज आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

सगळे म्हणतात पहिली रात्र वाईट. माझी पहिली रात्र वाईट नव्हती, मी मेल्यासारखा झोपलो होतो, चौकीतनं आल्यावर निदान मार तरी संपला म्हणून. वाईट असतो तारखेचा दिवस. सकाळी उठून आंघोळ, डोक्याला तेल, बरा शर्ट. आज सुटणार असं वाटतं. गाडीत पोरं गाणी म्हणतात. तिथं दिवसभर बसायचं. कुणाची आई डबा घेऊन येते. आपलं कुणी नसतं. मग साहेब रजेवर नाहीतर रिपोर्ट आला नाही, पुढची तारीख. येताना गाडीत कुणी बोलत नाही. रात्रीचं जेवण जात नाही. बघायचं असंल तर त्या रात्री बघा पोरांकडं. सायलीताई, तुमचा वर्ग तारखेच्या दुसऱ्या दिवशी ठेवता आला तर ठेवा.

वकीलसाहेब जे बोलले जामिनाचं ते माझंच झालं. जामीन झालेला. बाप म्हणाला राहू दे आत, सुधरंल. बाप वाईट नव्हता. त्याला वाटलं आत शिस्त लागते.

आणि ती वही जप्त केली ते चूक केलं. त्या पोराकडं बोलायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं लिहिलं. आता तो लिहिणार पण नाही.

मुक्ताबाई_क (शुक्रवार, सकाळी ६:३०)

स्पॅनरदादा, सांभाळून काय घ्यायचं, सगळ्यांत कामाचं तुम्हीच लिहिलंत.

हडसनकाठी (शुक्रवार, सकाळी ८:०५)

न्यू जर्सीहून. इथल्या किशोर केंद्रांमधल्या आत्महत्यांचा एक जुना राष्ट्रीय आढावा आहे, त्याची आठवण झाली. १९९५ ते १९९९ या काळातले ११० मृत्यू त्यात सापडले, ७९ चा तपशील मिळाला. निम्म्याहून किंचित जास्त मुलं त्या वेळी शिक्षा म्हणून किंवा वेगळं ठेवायचं म्हणून खोलीत एकटी बंद होती. स्पॅनर म्हणतात तेही त्यात दिसतं. सगळे मृत्यू पहिल्या रात्रीचे नव्हते, पहिल्या तीन दिवसांत जितके, तितकेच दहा महिने उलटून गेल्यावरचे. त्यामुळे दाखल होताना एकदा फॉर्म भरला आणि झालं, असं चालत नाही.

फॉर्मचं म्हणाल तर इथे मेसी-२ नावाची ५२ प्रश्नांची यादी बरीच वापरतात. हो किंवा नाही, पंधरा मिनिटांच्या आत होते, मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. मराठीत कुणी केली असेल तर बघायला आवडेल.

आणि कॅलिफ ब्राउडर. २०१० मध्ये ब्रॉन्क्समध्ये पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून सोळाव्या वर्षी पकडला. ३,००० डॉलरचा जामीन घरच्यांना भरता आला नाही. सुमारे तीन वर्षं न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात, त्यातली दोनेक वर्षं एकांतकोठडीत. खटला चाललाच नाही, २०१३ मध्ये आरोप मागे. आतमध्ये त्याने अनेकदा प्रयत्न केले होते. २०१५ मध्ये बाविसाव्या वर्षी त्याने जीव दिला तो घरी, सुटून दोन वर्षं झाल्यावर. पुढच्या जानेवारीत ओबामांनी संघराज्याच्या तुरुंगांत किशोरांना एकांतकोठडी बंद केली, तेव्हा लेखात त्याचं नाव घेतलं.

खमक्या_खंडू (शुक्रवार, सकाळी ९:१५)

पाठपिशवीसाठी तीन वर्षं? हे माहीत नव्हतं. पण आपल्याकडे एकांतकोठडी नसतेच ना मुलांना?

कोर्टकचेरी (शुक्रवार, सकाळी ९:४०)

कागदावर नाही. १९९० च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवाना नियमांत ६७ वा नियम मुलांना एकांतात कोंडायला साफ मनाई करतो. आपल्या अधिनियमात कलम ८२ खाली संस्थेत मारहाण केली तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, पुन्हा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद. पण "जरा वेगळा बसव त्याला" हे कुठल्या कलमात येतं? आजारी मुलांची खोली रिकामी असते, तिथे बसवतात. शिक्षा म्हणून नाही म्हणे, सुरक्षेसाठी. जो मरण्याची भाषा करतो त्यालाच एकटं ठेवायचं, याला काय म्हणावं!

इतिहासवेडा (शुक्रवार, दुपारी १२:२०)

अवांतर: मुंबईत उमरखाडीला जे निरीक्षण गृह आहे तो पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात तिथेच १०१ दिवस होते. दोघं पंचविशी-सव्विशीचे, पण एकत्र होते, रात्र रात्र गप्पा मारायचे, एवढ्या मोठ्याने की पहारेकरी ओरडायचे. म्हणजे सोबत किती...

तिरकस_तात्या (शुक्रवार, दुपारी १२:२६)

आला टिळक-आगरकर वाद. आता धागा शंभरी गाठणार.

व्यवस्थापन (शुक्रवार, दुपारी १:००)

कृपया विषयाला धरून लिहावे. तसेच कोणत्याही प्रयत्नाची पद्धत, साधन यांचे वर्णन करू नये. असे दोन प्रतिसाद काढले आहेत. ज्यांना स्वतःला हा धागा वाचून त्रास होत असेल त्यांनी टेली-मानस १४४१६ वर फोन करावा. २४ तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८.

स्पॅनर१२ (शुक्रवार, दुपारी २:१०)

नंबर चांगला आहे, पण आत फोन कुठंय?

गोळीवाला_डॉक्टर (शुक्रवार, दुपारी ३:३०)

बरोबर. पण रात्रपाळीचा काळजीवाहक तो नंबर लावू शकतो, स्वतःसाठीही आणि "समोर पोरगं असं बोलतंय, मी आत्ता काय करू" हे विचारायलाही. भिंतीवर मुलांसाठी लावण्यापेक्षा कार्यालयातल्या फोनशेजारी लावा.

एक राहिलं. बरीच पोरं नशा करून आलेली असतात. व्हाइटनर, सोल्यूशन, गांजा, "बटन" म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या. आत आल्यावर ते एकदम बंद. मग पहिला आठवडाभर झोप नाही, अंग दुखतं, चिडचिड, भिंतीवर हात आपटणं, कुणी हातावर जखमा करून घेतं. स्टाफच्या दृष्टीने नाटक, आमच्या दृष्टीने नशा सुटतानाची लक्षणं, आणि बटनच्या बाबतीत ती एकदम बंद करणं शारीरिकदृष्ट्याही धोक्याचं, फिट येऊ शकते. दाखल करताना "काय घ्यायचास, शेवटचं कधी" हा प्रश्न न रागावता विचारला तर अर्धी "नाटकं" आधीच ओळखू येतील.

अनघा_वि (शुक्रवार, रात्री १०:५०)

भाच्याबद्दल लिहिते. कॉलेजबाहेरच्या मारामारीत नाव आलं, काही आठवडे आत होता. आत असताना ताई रोज देवाला हात जोडायची, सुखरूप बाहेर येऊ दे. बाहेर आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. आणि खरी घसरण तिथून सुरू झाली.

एका स्थानिक पोर्टलने त्याचं नाव छापलं नव्हतं, पण बापाचा धंदा, गल्ली, कॉलेज सगळं छापलं. म्हणजे नावच छापलं. ते अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं. मित्रांच्या आयांनी मित्र बंद केले. कॉलेजने "दाखला घेऊन जा, तुमच्याच भल्यासाठी" असं गोड बोलून सांगितलं. तो खोलीतून बाहेर यायचा नाही. आम्ही समजत होतो दमलाय. एका रात्री त्याने ताईला विचारलं, "मी आतच राहिलो असतो तर तुम्हाला बरं पडलं असतं का?" ताईचं डोकं ठिकाणावर होतं. तिने तिथेच विचारलं, डॉक्टर म्हणतात तसं सरळ. तो हो म्हणाला. त्या रात्री ताई-भाऊजी आळीपाळीने त्याच्याजवळ बसले, सकाळी डॉक्टरकडे. आज तो बरा आहे, दुसऱ्या गावात डिप्लोमा करतोय.

निरीक्षण गृहातून सोडताना आमच्याकडून सह्या घेतल्या, दागिना परत द्यावा तसा मुलगा दिला. पुढचे दिवस सांभाळा, हे लक्षण दिसलं तर इकडे जा, असं एक वाक्य कुणी बोललं नाही.

कोर्टकचेरी (शुक्रवार, रात्री ११:२०)

अनघाताई, ओळख पटेल असं काहीही, शाळा-पत्त्यासकट, छापणं कलम ७४ ने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवाल्यांनाही हे कळवून ठेवा. आणि कलम २४ प्रमाणे साधारणपणे असा दोष मुलाच्या पुढच्या आयुष्यात अपात्रता ठरत नाही (सोळावरच्या ज्या मुलाचा खटला बाल न्यायालयात मोठ्यांसारखा चालला तो अपवाद). कॉलेजला हे लेखी दाखवलं की "गोड बोलणं" बहुधा थांबतं.

वाचकमात्र (शनिवार, सकाळी १०:१०)

एरवी फक्त वाचते. एक शंका. प्रयत्न केला तर मुलावर वेगळी केस होते का? आमच्या ओळखीत पोलिसांनी अशी भीती घातली होती.

कोर्टकचेरी (शनिवार, सकाळी १०:४०)

आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ गेलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ ने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आणि उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी केली. मात्र नव्या संहितेत कलम २२६ आहे. सरकारी सेवकाला त्याचं काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न गुन्हा ठरतो. बाहेरच्याला हे सहसा लागत नाही, पण कोठडीतल्या माणसाभोवती सगळे सरकारी सेवकच. "सुटण्यासाठी दबाव आणत होता" असं म्हणायला जागा आहे. मुलाच्या वकिलाने अशा वेळी कलम ११५ पहिल्या दिवशीच पुढे ठेवावं.

हडसनकाठी (शनिवार, दुपारी ४:००)

आपल्याकडे निरीक्षण गृहांत असे किती मृत्यू होतात याचा आकडा मिळतो का? शोधून दमलो.

निवृत्त_परिविक्षा (शनिवार, सायंकाळी ६:२५)

तुरुंगांचा मिळतो, गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांचा वेगळा रकाना असतो. निरीक्षण गृह तुरुंग नाही, हे तत्त्व चांगलं, पण त्यामुळे ते त्या तक्त्यातही नाही. १,३८२ तुरुंगांतल्या अमानवी परिस्थितीच्या प्रकरणात १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच पकडलं होतं. बालसंगोपन संस्थांमध्ये अनैसर्गिक मृत्यू झालेल्या मुलांची मोजणी करायची पद्धत राज्यांशी बोलून ठरवा, असं महिला व बालविकास मंत्रालयाला सांगितलं, मुदत त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरची. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर तसा तक्ता आला नाही. एकूण आत्महत्यांत मात्र आपलं राज्य वरच आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आणि त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या.

खमक्या_खंडू (शनिवार, रात्री ९:००)

माझं पहिलं मत पूर्ण बदललेलं नाही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी कुणी काही करत नाही, हे मी म्हणतच राहणार. पण स्पॅनर, तुमच्या गॅरेजात एखाद्या सुटलेल्या पोराला कामाला घेता का?

स्पॅनर१२ (शनिवार, रात्री ११:३०)

दोनातला एक तसाच आहे. कुठला ते विचारू नका, दोघांना पण सारखंच ओरडतो.

सायली_ग (पुढचा रविवार, दुपारी १२:१५)

उशीर झाला, क्षमस्व. सगळे प्रतिसाद छापून आमच्या गटात वाचले.

बाल न्याय मंडळाच्या सामाजिक कार्यकर्त्या सदस्य दर महिन्याला पाहणीला येतात, कायद्यानेच यावं लागतं त्यांना. त्यांना भेटलो, मग त्यांच्यासोबत अधीक्षकांना. डॉक्टर म्हणाले तसंच निघालं. "हो म्हणाला तर पुढे काय" हे लिहून नेलं होतं, त्यावर ते बरेच सैल झाले. आता ठरलंय असं: आम्हाला काही जाणवलं तर आम्ही विचारायचं आणि त्याच दिवशी तोंडी नाही, लेखी सांगायचं. आमच्या सहीने, म्हणजे नोंद काळजीवाहकाच्या गळ्यात नाही. मुलाला एकटं बसवायचं नाही, उलट त्याचा पलंग दाराजवळ, गजबजीत. सिव्हिलच्या ओपीडीऐवजी तिथले मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा इकडे येतील का, यासाठी सदस्यबाई पत्र देणार आहेत. येतील तेव्हा खरं.

वर्ग तारखेच्या दुसऱ्या दिवशी हलवला. तारखेच्या संध्याकाळी ज्याचं कुणी आलं नाही त्याला घरी एक फोन, हेही मान्य झालं. सामाजिक तपासणी अहवालात जामीनदाराची अडचण नोंदवायची, हे मात्र त्यांनी "बघू" वर ठेवलं. वहीचंही अजून "बघू" आहे. त्या मुलाला आम्ही नवी वही दिलीये. मागची पानं तपासायची नाहीत असं आमचं आमच्यात ठरलंय, पण विचारायचं मात्र आहे, आणि या आठवड्यात विचारलं. काय बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही.

स्पॅनर१२ (रविवार, दुपारी १:४०)

ताई, तो तारखेच्या संध्याकाळचा फोन कुणाच्या फोनवरनं?

सायली_ग (रविवार, दुपारी २:०५)

कार्यालयाच्या लँडलाइनवरून ठरलंय. ती सध्या बंद आहे, बिलाचं पत्र वर गेलंय. तोवर परिविक्षा अधिकारीबाई स्वतःच्या मोबाइलवरून लावून देतात.